खडकावरचं ओकफळ

सुकतीच्या वेळी कोकणातल्या कातळावर अनवाणी चालून बघा. दहा पावलांत तळपाय सोलवटतो. पांढरट-करड्या रंगाचे, हरभऱ्याएवढे टोकदार उंचवटे एकमेकांना खेटून बसलेले असतात, इतके दाट की मधे बोट टेकवायला जागा मिळत नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं, दगडालाच खरूज आली आहे. कुणी म्हणे शिंपल्याची पिल्लं, कुणी म्हणे कालवांची पोरं. कालवणात पडत नाहीत, बाजारात विकली जात नाहीत, म्हणून त्यांची चौकशीही कुणी करत नसे. पाय कापला की समुद्राचं पाणी लावायचं आणि पुढे चालायचं.

मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं ते पोटावर पालथं पडून. कातळातल्या एका खळग्यात भरतीचं पाणी राहून गेलं होतं आणि त्यात बुडालेले चार-पाच उंचवटे होते. माझी सावली हलायची थांबली, तसं त्यातल्या एकाचं झाकण मधोमध फटलं. आतून पिसासारखा एक बारीक पंखा बाहेर आला, पाण्यातून ओढला गेला आणि मूठ मिटावी तसा आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेजारचाही तेच करू लागला. मघापर्यंत दगड वाटणारी वस्तू जेवत होती.

इंग्रजीत या प्राण्याचं नाव एकॉर्न बार्नॅकल. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचं फळ: खवल्यांच्या छोट्या वाटीत बसवलेलं, सुपारीहून लहान, गुळगुळीत, टोकाला अणकुचीदार. खडकावरचा हा उंचवटा त्या फळासारखा दिसतो, म्हणून हे नाव. आणि या नावानं, किंवा त्यामागच्या ‘दिसतं तसं असणार’ या समजुतीनं, भल्याभल्यांना दोन हजार वर्षं चकवलं. ते कोडं कसं सुटलं, ती गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी त्या फळाविषयी थोडं बोलायला हवं, कारण चकवण्याची सवय या शब्दाला मुळापासूनच आहे.

‘एकॉर्न’ हा शब्द ऐकला की इंग्रजी माणसाला वाटतं, ‘ओक’ आणि ‘कॉर्न’ मिळून झाला असावा, ओकचा दाणा. पूर्वीच्या लोकांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी त्याचं स्पेलिंगही त्या समजुतीला साजेसं वळवून घेतलं. मुळात जुन्या इंग्रजीतल्या या शब्दात ना ओक होता, ना दाणा. रानात झाडाखाली पडणाऱ्या, डुकरांना चरायला मिळणाऱ्या फळांसाठीचा तो शब्द पुढे एका झाडापुरता आकसला. ग्रीकांचा शब्द ‘बॅलॅनॉस’, रोमनांचा ‘ग्लान्स’. रोमन सैनिक गोफणीतून शिशाच्या टोकदार गोळ्या मारत, त्यांनाही ग्लान्सच म्हणत. शरीरातल्या ग्रंथीला आपण ‘ग्लँड’ म्हणतो, तो शब्द याचंच लाडिक लघुरूप, ‘इवलंसं ओकफळ’ अशा अर्थाचा. पुरुषाच्या इंद्रियाच्या टोकाला वैद्यकात आजही तेच लॅटिन नाव आहे. केंब्रिजमधल्या एका छोट्या संगणक कंपनीनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस एकॉर्न हेच नाव घेतलं; तिथे जन्मलेल्या प्रोसेसरचे वंशज आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये चालतात. आकार, अंकुर, गोळी, गाठ: जिथे जिथे टोकदार गोलवा दिसला तिथे लोकांनी हे फळ चिकटवलं.

आपल्याकडे ओक नाही, निदान सह्याद्रीत तरी. पण ओकचा एक तुकडा मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. बाळगुटीच्या पुरचुंडीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा यांच्या जोडीला मायफळ असतं. सहाणेवर त्याचे वेढे उगाळताना आजीला कुणी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं, फळ आहे. ते फळ नाही. इराण-तुर्कस्तानाकडच्या एका जातीच्या ओकवर एक बारीक कीटक अंडं घालतो आणि त्या अंड्याभोवती झाड ही टणक गाठ वाढवतं. मायफळाला फळ म्हणणं आणि खडकावरच्या जनावराला ओकफळ म्हणणं, दोन्ही एकाच नजरेतून आलेलं आहे. मला त्या नजरेचा राग नाही. जग ओळखायची माणसाची पहिली पायरी तीच असते.

ग्रीकांनी समुद्रातल्या या वस्तूलाही बॅलॅनॉस म्हटलं होतं. अठराव्या शतकात लिनिअसनं सगळ्या सजीवांची वर्गवारी केली तेव्हा त्यानं हे नाव उचललं आणि कवच असलेल्या मऊ जीवांच्या कप्प्यात, शिंपल्यांच्या शेजारी, त्याला बसवलं. पुढे पॅरिसमध्ये जॉर्ज क्युविए आला. एका हाडावरून अख्खा प्राणी उभा करणारा म्हणून युरोपभर त्याचा दबदबा. १८१७ सालच्या आपल्या प्राणिसृष्टीवरच्या मोठ्या ग्रंथात त्यानंही बार्नॅकलला मृदुकायांतच ठेवलं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर तिसऱ्या, कालवं आणि शिंपले यांच्या गोतात.

हा निर्णय अडाणीपणाचा मुळीच नव्हता. चुन्याचं कवच आहे, जागेवरून हलत नाही, झाकण उघडून पाण्यातून अन्न गाळतं. कालव तरी दुसरं काय करतं? पण एक गोष्ट खुपत होती. आतून येणारा तो पिसांचा पंखा. सुरीनं कवच फोडून भिंगाखाली धरला तर ती पिसं नव्हेत, सांधे असलेले बारीक पाय निघतात. सहा जोड्या, प्रत्येक पाय दुभंगलेला, केसाळ. कालवाला सांध्यांचे पाय कुठून येणार? असे पाय कोळंबीला असतात, कुर्लीला असतात, शेवंडाला असतात. क्युविएला ते पाय दिसले होते, त्यांची चीरफाड त्यानं स्वतः केली होती. तरी कवचाची साक्ष त्याला जास्त वजनाची वाटली.

इथे गोष्टीत कॉर्कचा डॉक्टर येतो.

जॉन व्हॉन थॉम्पसन हा ब्रिटिश लष्करातला शल्यवैद्य. जन्म १७७९ चा. वेस्ट इंडीज, मॉरिशस, मादागास्कर अशी चाकरी करून १८१६ मध्ये तो आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॉर्कला, येऊन पोचला. तो कोणत्याही विद्यापीठात नव्हता. हाताशी मोठं संग्रहालय नव्हतं. कॉर्कचं खोल, नागमोडी बंदर होतं, एक सूक्ष्मदर्शक होता आणि मलमलीची एक जाळी. ती जाळी होडीमागे बांधून तो पाण्यातून ओढायचा आणि जे काही बारीकसारीक अडकेल ते घरी नेऊन बघायचा. आज समुद्रविज्ञानाच्या प्रत्येक बोटीवर अशी जाळी असते आणि तिच्यात सापडणाऱ्या तरंगत्या जीवांना प्लवक म्हणतात. पण त्यांच्यासाठीचा ‘प्लँक्टन’ हा शब्द १८८७ मधला. थॉम्पसन जाळी ओढत होता तेव्हा त्या जगाला अजून नावही नव्हतं.

याच जाळीनं त्याला आधी एक मोठा धक्का दिला होता. पाठीवर लांब काटा, मोठाले डोळे, पोटाला शेपटी असा एक विचित्र तरंगता जीव तेव्हा ‘झोईया’ या नावानं ओळखला जाई. तो स्वतंत्र प्राणी आहे असं सगळे धरून चालले होते. थॉम्पसननं दाखवलं की ते खेकड्याचं बाळ आहे. अळीचं फुलपाखरू व्हावं तसा समुद्रातला हा काटेरी पोहणारा जीव रूप पालटून कुर्ली होतो. १८२८ मध्ये त्यानं हे छापलं. जाणकारांनी मान हलवली, पण नकारार्थी. दुसऱ्याच वर्षी हाइनरिख राथके या जर्मन अभ्यासकानं नदीतल्या झिंग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तीच आईबापांसारखी, त्यांचं रूपांतर होत नाही. मग खेकड्याचं तरी का व्हावं? राथके चुकला नव्हता. गोड्या पाण्यातल्या त्या प्राण्यात तसंच घडतं. पण एका नदीचा नियम सगळ्या समुद्राला लावला गेला आणि कॉर्कचा डॉक्टर बराच काळ एकटा पडला.

आपली गोष्ट मात्र झोईयाचा शोध छापण्याच्या दोन वर्षं आधीची, १८२६ च्या वसंतातली. कॉर्क बंदरात पॅसेज नावाच्या गावी तरीनं खाडी ओलांडताना थॉम्पसननं नेहमीसारखी जाळी सोडली. जाळीत बारके, अर्धपारदर्शक, तपकिरी झाक असलेले जीव मिळाले. लांबी इंचाचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे मोठ्या तिळाएवढी. अंगाला शिंपल्यासारखी दोन मिटलेली झाकणं, आत पाय, पुढे धरायला स्पर्शिकांची जोडी, आणि दोन ठसठशीत डोळे. ते सरळ न पोहता उड्या मारल्यासारखे धक्क्याधक्क्यानं जात. कोळंबीच्या दूरच्या भाऊबंदांत असे दोन झाकणांचे बारके जीव असतात. हे त्यांपैकीच काहीतरी नवं असावं, असं कुणालाही वाटलं असतं.

१ मे रोजी पकडलेले काही जीव त्यानं काचेच्या भांड्यात ठेवले. वर समुद्राचं पाणी घातलं, पण इतकंच, की साध्या भिंगानं केव्हाही आत बघता यावं. मला या तपशिलापाशी थांबावंसं वाटतं. बहुतेक संग्राहक असा जीव दारूत बुडवून बाटलीला चिठ्ठी लावत. तसं केलं असतं तर त्याच्याकडे एक सुंदर नमुना आणि एक चुकीचं नाव उरलं असतं. थॉम्पसननं त्यांना मारलं नाही. तो वाट बघत राहिला. दिवसा लष्कराचे आजारी सैनिक, रात्री दिव्याच्या उजेडात ते भांडं. आठ दिवस.

८ मेच्या रात्री त्यानं भिंग धरलं. पोहणाऱ्यांत दोघे कमी होते.

ते मेले नव्हते. भांड्याच्या तळाला घट्ट चिकटले होते. दोन झाकणांची जुनी कात त्यांनी टाकून दिली होती आणि तळाला जे बसलं होतं ते इवलंसं, पण ओळखू न येण्यासारखं नव्हतं. बंदराच्या प्रत्येक खांबावर, प्रत्येक होडीच्या बुडाला त्यानं ते हजारदा पाहिलं होतं. ओकफळ. बॅलॅनस. काल डोळे असलेला, पोहणारा, कोळंबीच्या गोतातला जीव आज खडकावरचं फळ होऊन बसला होता.

एकदा पाहिलं म्हणून कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःचाही बसला नसेल. दोन दिवसांनी, १० मे रोजी, तिसरा जीव ऐन कामात सापडला. कात अर्धी सुटलेली, डोकं तळाला टेकलेलं. आता आधी-नंतरची नुसती जुळवाजुळव उरली नव्हती. मधली पायरीही डोळ्यांसमोर होती.

घडतं ते असं. हा बाळजीव खात नाही, अंगात साठवलेल्या चरबीवर जगतो आणि जागा शोधतो. सापडली की पुढच्या स्पर्शिकांतून सिमेंटसारखा चिकट रस सोडून स्वतःला डोक्याकडून चिकटवून घेतो. मग कात. कातेबरोबर ते ठसठशीत डोळे जातात, कारण यापुढे बघण्यासारखं काही उरत नाही. भोवती चुन्याच्या भिंती चढतात, वर झाकण बसतं, आणि पोहण्याचे ते पाय पाण्यातून अन्न वेचण्याच्या कामाला लागतात. म्हणजे कातळावर मी पाहिलेला तो पंखा पायांचा होता. डोकं दगडाला चिकटवून पाय वर केलेला प्राणी आयुष्यभर पायांनी जेवत होता.

थॉम्पसननं हे १८३० मध्ये, आपल्या प्राणिशास्त्रीय पुस्तिकांच्या मालिकेत, कॉर्कमध्येच छापलं. निष्कर्ष रोखठोक होता: बार्नॅकल कालवांच्या गोतातलं नाही, कुर्ली-कोळंबीच्या गोतातलं आहे. क्युविएचा शब्द एका लष्करी डॉक्टरनं काचेच्या भांड्याच्या जोरावर खोडला. या वेळी मात्र विरोध फार टिकला नाही. १८३४ मध्ये हर्मान बुर्माइस्टर या जर्मन अभ्यासकानं तेच पाहिलं. देठ असलेल्या बार्नॅकलची गोष्टही १८३५ मध्ये थॉम्पसननंच पुरी केली. मध्ययुगीन युरोपात ज्या बार्नॅकलमधून बदकं जन्मतात असं लोक शपथेवर सांगत, ती ही जात. तिच्या अंड्यांतून निघालेली पिल्लंही पोहणारी, पाय असलेली, कुर्लीच्या कुळातली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीनं तो निबंध छापला.

त्याच वर्षी थॉम्पसन जहाजात बसून सिडनीला गेला, तिथल्या कैद्यांच्या वैद्यकीय खात्याची जबाबदारी घेऊन. १८४७ मध्ये तिथेच वारला. इतकं मोठं काम करून गेलेल्या या माणसाचं नाव शाळेच्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तो वारला तेव्हा इंग्लंडमधल्या एका खेड्यात, डाउनमध्ये, दुसरा एक माणूस त्याच प्राण्यावर वाकून बसला होता. १८३५ च्या जानेवारीत चिलीच्या किनाऱ्यावर चार्ल्स डार्विनला एका शंखाला असंख्य बारीक भोकं पडलेली दिसली. भोकांत टाचणीच्या टोकाएवढे प्राणी होते: बार्नॅकल, पण कवच नसलेले. या एका विचित्र जिवाचा नीट अभ्यास करावा म्हणून १ ऑक्टोबर १८४६ ला त्यानं काम सुरू केलं. त्याची जागा ठरवायला इतर बार्नॅकल बघावे लागले, ते बघायला आणखी इतर. आठ वर्षं गेली. त्याच्या मुलांनी बापाला दुसरं काही करताना पाहिलंच नव्हतं. त्यांतल्या एकानं शेजारच्या गृहस्थाविषयी विचारलं म्हणे, ‘मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?’

डार्विनला त्यात एक बाब अशी सापडली, जिच्यावर त्याचा स्वतःचाही आधी विश्वास बसेना. बार्नॅकल बहुतेक उभयलिंगी असतात. पण इब्ला नावाच्या एका जातीत मोठ्या प्राण्यावर त्याला बारीक परजीवी चिकटलेले दिसले. ते परजीवी नव्हते. ते नर होते. मादीच्या अंगात रुतलेले, शुक्राणूंची जवळपास पिशवीच झालेले नर. पुढे उभयलिंगी जातींतही असे पूरक नर सापडले. उभयलिंगी आणि भिन्नलिंगी यांच्या मधल्या पायऱ्या एकाच कुळात, जिवंत, समोर मांडलेल्या. उत्क्रांतीचा ग्रंथ अजून लिहायचा होता आणि त्याचा एक मोठा पुरावा तो भिंगाखाली बघत होता. १८५२ मध्ये एका पत्रात त्यानं लिहिलं की बार्नॅकलचा इतका तिटकारा आजवर कुणी केला नसेल, संथ जहाजावरच्या खलाशानंही नाही. तरी काम सोडलं नाही. १८५३ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला पदक दिलं. त्याच्या हातूनही चूक झाली. सिमेंट देणाऱ्या ग्रंथींचा संबंध त्यानं अंडाशयाशी जोडला आणि ते पुढे दुसऱ्याला दुरुस्त करावं लागलं.

१८५४ च्या त्याच्या खंडात एका जातीचं नाव आहे, ग्रीक समुद्रदेवीच्या नावावरून ठेवलेलं: बॅलॅनस अम्फिट्राइट. ही जात आपली शेजारीण आहे. मुंबई-गोव्याच्या बंदरांत धक्क्यांना, खांबांना, जहाजांना तीच लगडलेली असते. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तिची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवून ती जागा कशी निवडतात याचा अभ्यास होतो. कारण त्या इवल्याशा जिवाच्या निवडीवर जहाजाचं इंधन अवलंबून असतं. बुड खडबडीत झालं की पाण्याचा अडसर वाढतो, तेलाचा खर्च वाढतो. माणसानं बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, पुढे कथिलाचं विषारी संयुग घातलेले रंग लावले. ते विष गोगलगायींपर्यंत पोचून त्यांची प्रजननक्षमताच नासवू लागलं, तेव्हा २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानं ते बंद झालं.

आणि निवड खरोखरच निवड असते. चिकटण्याआधी ते बाळ दोन स्पर्शिकांवर पृष्ठभागावरून चालतं. एक पाऊल, थांबणं, चाचपणं, दुसरं पाऊल. आपल्या जातीचे मोठे कुठे बसले आहेत याचा त्यांनी मागे सोडलेल्या द्रव्यावरून ते वास घेतं. पसंत पडलं नाही तर सोडून पुन्हा पोहायला लागतं. म्हणूनच कातळावर एकाला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं अशी दाटी होते. एकदा सिमेंट सुटलं की परतीची वाट नाही.

गेल्या जूनमध्ये पावसाच्या तोंडावर एका वाडीत होड्या वर ओढलेल्या होत्या. शाकारायच्या आधी एक म्हातारे काका लोखंडी पट्टीनं बुड खरवडत होते. खरखर आवाज येत होता आणि खाली रेतीवर चुन्याचे तुकडे साचले होते. ‘काका, ह्याला आत पाय असतात, ठाऊक आहे?’ मी विचारलं. त्यांनी पट्टी थांबवली, एक ओलं, अजून न फुटलेलं उचललं, अंगठ्यानं चिरडलं आणि आतला लगदा माझ्या तळहातावर ठेवला. काळसर, कुरळे, केसाळ पाय. ‘बारीक कोलंबी हाय ती,’ ते म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले.

बुडावर जिथे जिथे ओकफळ निघालं होतं, तिथे तळाची पांढरी गोल चकती तशीच राहिली होती. पट्टी तिच्यावरून घसरत होती. काकांनी दोनदा जोर लावला, मग त्यावरूनच रंगाचा ब्रश फिरवला.